कडुलिंबाच्या काडीचा हिशेब

१९३० सालची गोष्ट. पुण्याच्या येरवडा तुरुंगात गांधीजी कैदेत होते आणि त्यांच्या सोबतीला काका कालेलकर होते. दात घासायला कडुलिंबाची काडी मिळत असे. गांधीजींचे बरेचसे दात तोपर्यंत पडले होते. त्यामुळे काडीचं एक टोक ठेचून, मऊ कुंचला करून ती त्यांच्या हाती देण्याचं काम काकांनी आपल्याकडे घेतलं होतं. पहिल्या दिवशी दात घासून झाल्यावर काका ती काडी टाकायला निघाले, तर गांधीजींनी त्यांना थांबवलं. ठेचलेलं टोक तेवढं कापून टाकायचं, उरलेली काडी उद्यासाठी ठेवायची, असं त्यांनी सुचवलं. काकांना नवल वाटलं. रोज ताजी काडी मिळत असताना ही काटकसर कशाला? गांधीजींचं म्हणणं असं होतं, की काड्या भरपूर आहेत हे खरं, पण भरपूर आहेत एवढ्यावरून टाकून देण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. मग एकेक काडी पार वाळून निरुपयोगी होईपर्यंत पुरवली जाऊ लागली.

त्याच तुरुंगात आणखी एक प्रसंग घडला. कापूस पिंजायच्या धनुकलीच्या तातीवर घासायला लिंबाची चार-दोन पानं हवी होती. काकांनी अख्खी डहाळीच तोडून आणली. गांधीजींना ते लागलं. चार पानं पुरत असताना डहाळी तोडणं ही त्यांच्या लेखी हिंसा होती.

आज आपल्या हाती कडुलिंबाच्या काडीऐवजी प्लॅस्टिकचा ब्रश आहे. दंतवैद्य तीन-चार महिन्यांनी ब्रश बदलायला सांगतात आणि ते योग्यच आहे. पण हिशेब करून पाहा. चार माणसांच्या घरातून वर्षाला बारा ते सोळा ब्रश कचऱ्यात जातात. दांडा एका प्लॅस्टिकचा, केस नायलॉनचे, त्यामुळे त्यांचा पुनर्वापर करणंही अवघड. वाळलेली काडी काही महिन्यांत माती होते; ब्रश आपल्या नातवंडांनंतरही कुठेतरी पडून राहणार असतो.

पर्यावरण जपायला हवं हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. अडचण पुढची आहे. कापडी पिशवी दारामागच्या खुंटीला लटकत राहते आणि आपण भाजी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणतो. ओला-सुका कचरा वेगळा करायला सोमवारी सुरुवात होते आणि पुढच्या रविवारी दोन्ही डबे एक होतात. पटलेली गोष्ट अंगवळणी का पडत नाही? या प्रश्नाकडे पाहण्यासाठी गांधीजींचं आयुष्य उपयोगी पडतं. त्यांच्या महात्मेपणाकडे थोडा वेळ न पाहता त्यांच्या दिनक्रमाकडे पाहिलं, की अनेक वर्षांच्या चुका आणि दुरुस्त्यांमधून घडलेल्या साध्या सवयी दिसतात.

पायी चालण्यापुरतं अंतर

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरचा. १८८८ मध्ये ते बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. सुरुवातीला तिथल्या रीतीभातींच्या नादाने त्यांनी कपडे, नृत्याचे धडे, व्हायोलिन यांवर बराच पैसा घातला. मात्र एक सवय सुरुवातीपासून होती. बसभाडं, टपाल, वर्तमानपत्रावरचे दोन पेन्स, असा प्रत्येक खर्च लिहायचा आणि झोपण्याआधी जमाखर्चाचा मेळ घालायचा. त्या वहीनेच त्यांना दाखवलं, की पैसा कुठे गळतो आहे. मग त्यांनी राहण्याची जागा बदलली. नवी जागा अशी निवडली, की कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी पोहोचता यावं. गाडीभाडं वाचलं आणि रोज आठ-दहा मैल चालणं होऊ लागलं. लंडनच्या हवेत आपण आजारी पडलो नाही आणि अंगात ताकद राहिली, याचं श्रेय त्यांनी पुढे या चालण्याला दिलं.

इथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. रोज सकाळी आज चालू की गाडीने जाऊ, असा निर्णय त्यांनी मनावर सोपवला नाही. घर निवडतानाच चालणं सोयीचं करून ठेवलं. सवयींचा अभ्यास करणारे आज हेच सांगतात. निग्रह थकतो, आजूबाजूची मांडणी मात्र न थकता आपल्याकडून काम करून घेते.

दक्षिण आफ्रिकेत वकिली चांगली चालू लागल्यावर धोब्याचा खर्च वाढला. कपडे वेळेवर येत नसत, म्हणून शर्ट आणि कॉलर डझनांनी घेऊन ठेवावे लागत. गांधीजींनी धुलाईवरचं पुस्तक आणलं आणि स्वतः धुवायला शिकले. पहिल्या प्रयत्नात खळ जास्त झाली आणि इस्त्री कमी तापली. कोर्टात कॉलरमधून खळ गळू लागली, तेव्हा बाकीचे वकील पोट धरून हसले. गांधीजीही हसले आणि धुणं चालूच राहिलं. धोब्याची वाट पाहणं संपल्यावर डझनांनी कपडे बाळगण्याचं कारणही उरलं नाही.

दुसऱ्यावर लादलेली सवय

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. गांधीजी तेव्हा राजकोटला आले होते. तिथे नेमलेल्या समितीत काम करताना त्यांनी घरोघरचे संडास तपासण्याचा आग्रह धरला. गरिबांनी तपासणी होऊ दिली आणि सांगितलेल्या सुधारणाही केल्या. बड्या घरांनी मात्र खळखळ केली आणि त्यांचेच संडास जास्त अंधारे, कुबट, घाणीने भरलेले निघाले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीत जायला समितीतला एकच जण तयार झाला. तिथली घरं आतून-बाहेरून सारवलेली आणि स्वच्छ आढळली. घाण कोण करतं आणि ती दुसऱ्याकडून कोण उपसून घेतं, हा प्रश्न त्यांच्या मनात तेव्हापासून पक्का झाला.

मात्र सुधारणेचा उत्साह दुसऱ्याला इजाही करतो, हे त्यांना स्वतःच्या घरात कळलं. १८९८ च्या सुमारास डर्बनच्या घरात त्यांचे कारकून राहत असत. खोल्यांना मोऱ्या नव्हत्या. रात्री लघवीसाठी भांडी ठेवलेली असत. ती गांधीजी किंवा कस्तुरबा रिकामी करत. नव्या आलेल्या एका कारकुनाचं भांडं उचलताना कस्तुरबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या काळच्या जातीच्या कल्पनांत वाढलेल्या बाईला ते जड गेलं असणार. गांधीजींना भांडं नुसतं उचललेलं पुरेसं वाटेना, ते हसतमुखानं उचललं पाहिजे असा त्यांचा हट्ट. शब्दाने शब्द वाढला आणि त्यांनी पत्नीचा हात धरून तिला फाटकापर्यंत ओढत नेलं. परक्या देशात मी जाऊ कुठे, असं कस्तुरबांनी सुनावल्यावर ते भानावर आले. पुढे आत्मचरित्रात त्यांनी हा प्रसंग स्वतःला न वाचवता, लाज वाटून लिहिला आहे.

आजच्या घरांसाठी हा प्रसंग फार महत्त्वाचा आहे. प्लॅस्टिक नको, कचरा वेगळा हवा, घरीच खत करू, हे ठरवतं एक माणूस आणि करते बहुधा दुसरीच व्यक्ती. घरातली बाई किंवा कामाला येणाऱ्या मावशी. ज्याने ठरवलं त्याच्या हाताला ओल्या कचऱ्याचा वास लागत नसेल, तर ती सवय फार दिवस टिकत नाही. आणि टिकली तरी ती कुणाच्या तरी कंबरेवर उभी असते.

टॉलस्टॉय फार्मचे नियम

हा धडा पचवून गांधीजींनी पुढचा प्रयोग एकट्याचा न ठेवता सगळ्यांचा केला. १९०४ मध्ये डर्बनजवळ फिनिक्सची वसाहत झाली होती. १९१० मध्ये त्यांचे जर्मन वास्तुविशारद मित्र हर्मन कॅलनबाख यांनी जोहान्सबर्गपासून २१ मैलांवरची ११०० एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांना राहायला दिली. हेच टॉलस्टॉय फार्म. बायका, मुलं, म्हातारी माणसं धरून सुमारे सत्तर जण तिथे राहत.

इथले नियम मोजके होते आणि मोठ्या-लहान सगळ्यांना सारखे. फार्मच्या कामासाठी शहरात जायचं असेल तर आगगाडीने, तेही तिसऱ्या वर्गाने. स्वतःच्या कामासाठी किंवा हौसेसाठी जायचं असेल तर पायी, आणि शिदोरी घरची बांधून न्यायची. लोक पहाटे दोनला निघत, सहा-सात तासांत जोहान्सबर्गला पोहोचत आणि कित्येकदा त्याच दिवशी परतत. गहू हातजात्यावर दळला जाई, पाव घरी भाजला जाई, भुईमुगाचं लोणी घरी होई. कॅलनबाख एका मठात जाऊन चपला शिवायला शिकून आले. त्यांच्याकडून गांधीजी शिकले आणि त्यांच्याकडून बाकीचे.

कचऱ्याची व्यवस्था तर आजच्या एखाद्या सोसायटीने उचलावी अशी होती. सांडपाणी बादल्यांत साठवून झाडांना घालत. उष्टं-खरकटं आणि भाजीच्या काड्या-साली यांचं खत होई. घराजवळ दीड फूट खोल चौकोनी खड्डा असे. मैला त्यात टाकून खणून काढलेली माती वर पसरून टाकायची, आणि हे काम करायला एक छोटं फावडं पुरे. एवढी माणसं राहत असूनही आवारात दुर्गंधी नव्हती, माश्या नव्हत्या, असं गांधीजींनी नोंदवून ठेवलं आहे.

यामागचं विज्ञान सोपं आहे. मातीचा वरचा थर सूक्ष्मजीवांनी भरलेला असतो आणि त्यात हवा खेळती असते. सेंद्रिय घाण या थरात राहिली, की जिवाणू आणि बुरशी तिचं विघटन करतात. वर माती असल्याने माशीला अंडी घालायला जागा मिळत नाही. तीच घाण खोल दाबली किंवा ढिगाऱ्यात कोंडली, की हवा न मिळाल्याने ती सडते आणि त्यातून मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. शहराबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगरांना वरचेवर आगी लागतात, त्यामागे हाही वायू असतो. आपल्या शहरांतल्या घरगुती कचऱ्यात साधारण निम्मा भाग ओला असतो. म्हणजे स्वयंपाकघरातली साल कुठे जाते, यावर बरंच काही अवलंबून आहे.

एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी. मैल्याचा उथळ खड्डा आज जसाच्या तसा उचलू नये. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर जंतू पाण्यात उतरतात, आणि जंतांची अंडी मातीत बरेच महिने जिवंत राहतात. शौचालयासाठी आज दोन शोषखड्ड्यांची पद्धत आहे. एक भरल्यावर तो वर्षभर बंद ठेवून दुसरा वापरायचा. तत्त्व टॉलस्टॉय फार्मचंच, पण जास्त सुरक्षित. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याला मात्र ही अडचण नाही.

पेन्सिलीचा तुकडा

१९१५ मध्ये गांधीजी भारतात परतले. त्या वर्षअखेरीस मुंबईत काँग्रेसचं अधिवेशन होतं. एके दिवशी ते टेबलावर, टेबलाखाली काहीतरी शोधत होते. काका कालेलकर तिथेच होते. चौकशी केल्यावर कळलं, की एक पेन्सिल हरवली आहे. काकांनी आपली पेन्सिल पुढे केली, पण गांधीजींना तीच हवी होती. मद्रासला नटेसन यांच्या लहान मुलाने ती त्यांना प्रेमाने दिली होती. दोघांनी मिळून शोधली. सापडली तेव्हा ती दोन इंचांहूनही लहान होती.

आलेल्या पत्रांची पाकिटं उकलून त्यांच्या कोऱ्या बाजूवर ते टिपणं लिहीत. पाठकोरे कागद मसुद्यांसाठी वापरत. हजारो पत्रं लिहिणाऱ्या माणसाची ही रीत होती, त्यामुळे तिला चिक्कूपणा म्हणून हसण्यावारी नेता येत नाही. कागद म्हणजे बांबू, लाकूड, पाणी आणि कुणाचे तरी श्रम. पेन्सिल म्हणजे एका मुलाचा जिव्हाळा. वस्तू आली कुठून, हे ज्याला आठवतं त्याला ती सहज फेकता येत नाही.

भाटगामची कबुली

या सवयी म्हणजे दिखाऊ साधेपणा होऊ शकतात, ही जाणीवही त्यांना होती. २ मार्च १९३० रोजी व्हाइसरॉयला लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्यांच्या पगाराचा हिशेब मांडला होता. व्हाइसरॉयला दिवसाला सातशेहून अधिक रुपये, आणि देशातल्या माणसाचं सरासरी उत्पन्न दिवसाला दोन आण्यांहून कमी. मग १२ मार्चला दांडीयात्रा निघाली.

२९ मार्चला यात्रा सुरत जिल्ह्यातल्या भाटगामला पोहोचली. स्वागताला कार्यकर्त्यांनी जय्यत तयारी केली होती. सुरतेहून मोटारीने दूध मागवलं होतं. रात्रीच्या प्रवासासाठी रॉकेलवर जळणाऱ्या किटसनच्या बत्त्या आणल्या होत्या आणि एका मजुराच्या डोक्यावर जड बत्ती देऊन त्याला घाईने पुढे पिटाळलं जात होतं. ते पाहून गांधीजी अस्वस्थ झाले. त्या रात्रीच्या सभेत त्यांनी सरकारवर बोलण्याआधी स्वतःचीच झाडाझडती घेतली. यात्रेकरूंसाठी चाललेला खर्च देशातल्या सरासरी माणसाच्या उत्पन्नाच्या पन्नास पट होत असेल, तर व्हाइसरॉयच्या पगारावर बोट ठेवण्याचा अधिकार आपल्याला कुठून येणार? साधा आहार घेणाऱ्यांसाठी मोटारीने दूध आणलं, तर तो आहार साधा राहतो का?

हा शेवटचा प्रश्न आजही नेमका लागू पडतो. आपण पर्यावरणपूरक म्हणून विकत घेतो त्या वस्तूचा सगळा प्रवास मोजतो का? नवीन स्टीलची बाटली चांगलीच, पण घरात आधीच चार असताना पाचवी घेतली तर ती कशासाठी? प्रत्येक समारंभात वाटलेल्या कापडी पिशव्या कपाटात साठत गेल्या, तर कापूस पिकवायला लागलेलं पाणी वायाच गेलं. बांबूचा ब्रश लांबच्या देशातून, तीन वेष्टनांत गुंडाळून घरपोच आला, तर भाटगामच्या दुधासारखीच त्याची गत. आहे ती वस्तू शेवटपर्यंत वापरणं हा बहुतेक वेळा सर्वांत हिरवा पर्याय असतो.

यात्रेनंतर ५ मेच्या मध्यरात्री गांधीजींना कराडीला अटक झाली आणि येरवड्याला आणलं गेलं. लिंबाच्या काडीचा प्रसंग त्यानंतरचा. भाटगामच्या रस्त्यावर जे खटकलं होतं, ते तुरुंगाच्या चार भिंतींत त्यांनी रोजच्या दात घासण्यात उतरवलं, असं म्हणायला हरकत नाही.

वर्ध्याची मातीची भिंत

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या वर्ध्यातल्या जागेत, मगनवाडीत, त्याचं काम सुरू झालं. अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी ते सांभाळलं. रॉकेलऐवजी गावात मिळणाऱ्या तेलबियांच्या तेलावर चालणारा मगनदीप, हातकागद, तेलघाणी, मधमाशीपालन असे प्रयोग तिथे झाले. निसर्ग जेवढं भरून काढू शकतो तेवढंच त्याच्याकडून घ्यावं, हा विचार कुमारप्पांनी पुढे १९४५ मध्ये ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या पुस्तकात शास्त्रशुद्धपणे मांडला.

मगनवाडीत असतानाच गांधीजी आणि त्यांचे सहकारी शेजारच्या सिंदी गावात रोज सकाळी झाडू आणि बादल्या घेऊन जात. रस्त्यावरचा मैला उचलायचा आणि खड्ड्यात पुरायचा. लोकांनी पाहून शिकावं ही अपेक्षा होती. पण महिनोन्‌महिने झाडूनही गावकरी आपले तिथेच बसत. उलट अमक्या ठिकाणी जास्त घाण आहे, असं कुणीतरी हात करून दाखवी. गांधीजींच्या प्रयोगांतलं हे एक उघड अपयश. दुसऱ्यासाठी आपण सवय पाळू शकत नाही, एवढं त्यातून कळतं. गावात संडास, पाणी, खड्ड्याला जागा अशी सोय नसेल, तर केवळ उदाहरण घालून देऊन भागत नाही. वाहनतळ आहे पण फुटपाथ नाही, अशा शहरात लोकांनी चालत जावं ही अपेक्षा याच जातीची. सवयी आपल्या आणि सोयी नगरपालिकेच्या, दोन्ही मागाव्या लागतात.

३० एप्रिल १९३६ रोजी, ऐन उन्हाळ्यात, गांधीजी वर्ध्याहून सुमारे पाच मैल चालत सेगावला राहायला गेले. हेच पुढे सेवाग्राम झालं. तिथली घरं परिसरातल्या साहित्यातून, परिसरातल्याच कारागिरांच्या हातून बांधली गेली. मातीच्या भिंती, बांबू, वर कौलं, भोवती ओसरी. वर्ध्याचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत जातो. जाड मातीची भिंत दिवसाचं ऊन हळूहळू शोषते, ओसरी भिंतीवर थेट ऊन पडू देत नाही आणि कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. विजेशिवाय घर थंड ठेवण्याची ही विद्या आपल्या गावांना ठाऊक होतीच. उन्हाच्या तडाख्यात गांधीजी डोक्यावर ओलं फडकं घेऊन काम करत. त्यातही विज्ञान तेच. पाणी वाफ होताना अंगातली उष्णता घेऊन जातं.

बापूकुटीत आजही दोन वस्तू पाहायला मिळतात. एक साप पकडून ठेवायचा लाकडी पिंजरा. साप निघाला तर चिमट्याने धरून पिंजऱ्यात घालायचा आणि लांब रानात सोडून यायचा. दुसरी वस्तू टेलिफोन, व्हाइसरॉयशी बोलणं व्हावं म्हणून बसवलेला. साधं राहणाऱ्या माणसाला यंत्राचं वावडं नव्हतं. हे माझ्या कामाला खरंच लागतं का, एवढं तो विचारत असे.

खताचा विषय शेवटपर्यंत त्यांच्या मनात होता. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्रात भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून खत करण्याची पद्धत विकसित केली होती. गांधीजींनी १९३५ मध्ये ‘हरिजन’मधून ती वाचकांपर्यंत नेली. नीट रचलेल्या मोठ्या ढिगाचं तापमान ५५ ते ६० अंशांपर्यंत चढतं आणि त्यात रोगजंतू व तणांचं बी बऱ्याच प्रमाणात मरतं. डिसेंबर १९४७ मध्ये, फाळणीच्या वणव्यात दिल्ली होरपळत असताना, मीराबेन यांच्या पुढाकाराने तिथे कंपोस्ट परिषद भरली. दंगे शमवण्यासाठी धडपडणाऱ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गांधीजींनी तिची दखल घेऊन त्यावर लिहिलं. पुढच्याच महिन्यात, ३० जानेवारी १९४८ रोजी, त्यांची हत्या झाली. मागे उरल्या त्या वस्तू एका पिशवीत मावतील एवढ्या. चष्मा, कमरेचं घड्याळ, चपला, जेवणाचे वाडगे.

आपण काय घ्यावं?

आपल्यातला कुणी उद्या आश्रमात राहायला जाणार नाही आणि तशी गरजही नाही. एकट्याने काडी जपून हवामानबदल थांबत नाही, हेही खरं. वीज कशापासून तयार होते, बस किती धावतात, कारखान्यांवर कोणते नियम आहेत, याने मोठा फरक पडतो. पण ज्याला घरचा हिशेब ठाऊक असतो, तो गावाचा आणि सरकारचा हिशेब जास्त ठामपणे विचारू शकतो. भाटगामला गांधीजींनी तेच केलं. आधी स्वतःची वही उघडली. त्यांच्या दिनक्रमातून उचलण्याजोग्या काही गोष्टी पुढे दिल्या आहेत.

१. हिशेबाने सुरुवात करा. एक आठवडा घरातून काय बाहेर पडतं ते लिहा: दुधाच्या पिशव्या, बाटल्या, उरलेलं अन्न. विजेचं आणि पाण्याचं बिल जवळ ठेवा. गळती कुठे आहे ते वहीच सांगेल.

२. सवयीला जागा द्या. पिशवी दारामागे न ठेवता गाडीच्या किल्लीसोबत किंवा रोजच्या बॅगेतच ठेवा. पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा टेबलावर हाताशी असू द्या.

३. जवळच्या कामांना पायी जा. एक-दीड किलोमीटरच्या आतलं काम चालत किंवा सायकलने, असा घराचा नियम करा. हृदय आणि गुडघे दोघेही दुवा देतील.

४. ओला कचरा घरात जिरवा. भोकं पाडलेल्या डब्यात किंवा जुन्या कुंडीत एक भाग साली आणि दीड-दोन भाग सुका पाला असे थर द्या, वर मूठभर माती. ओल पिळलेल्या फडक्याइतकी ठेवा आणि आठवड्यातून एकदा हलवा. वास आला तर सुका पाला वाढवा. दोन-तीन महिन्यांत खत होतं. घरच्या छोट्या डब्यात उष्णता फार चढत नाही, म्हणून मटण-मासळीचे अवशेष त्यात घालू नका.

५. पाणी दोनदा वापरा. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी झाडांना, कपडे शेवटचे खळबळलेलं पाणी फरशीला किंवा संडासात.

६. आहे ते संपवा. जुना ब्रश नळ आणि खिडक्यांच्या खाचा घासायला ठेवा. हिरवी म्हणून नवी वस्तू घेण्याआधी घरातली जुनी खरंच संपली आहे का, ते पाहा.

७. कामाची वाटणी करा. ज्याने नियम सुचवला त्याने त्यातलं सर्वांत नकोसं काम आपल्याकडे घ्यावं. खताचा डबा हलवणं आठवड्यागणिक एकेकाकडे असू द्या.

सातही एकदम सुरू करू नका. एक निवडा आणि महिनाभर पाळून पाहा. गांधीजींनाही लंडनच्या वहीपासून सेगावच्या कुटीपर्यंत पोहोचायला सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षं लागली होती, आणि वाटेत कॉलरमधली खळ भर कोर्टात गळलीच होती.